कुडाआडची घरपट्टी

मु. चिंचखोर, किन्हवलीच्या पलीकडे, ता. शहापूर
तुळशीचं लग्न उरकल्याचा दुसरा दिवस, सन २००५

चि. आदेश भावजी यांस,

गिरजावहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुम्ही आता मुरबाडच्या कारखान्यात सुपरवायझर झालात, हाताखाली माणसं आली, तेव्हा आशीर्वादावर भागेल की नमस्कारही घालायला हवा, याचा मी बराच विचार केला. शेवटी ठरवलं, की मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुमच्या चड्डीला बटण नव्हतं आणि ते मी लावलं, सबब आशीर्वादच. प्रियांकाचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, मेथीचे लाडू खा आणि दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बायकांशी मैत्री कमी कर. इकडे आम्ही सगळी बरी आहोत. भात झोडून कणगीत पडलं. तुमच्या भावाचा खोकला आहे तसाच आहे (डॉक्टर म्हणतात विडी सोडा, हे म्हणतात डॉक्टरच सोडतो). फोन न करता पत्र का लिहिते, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही मधेच “वहिनी, मुद्द्यावर या” म्हणता. पत्रात तशी सोय नाही, म्हणून पत्र.

मी सरपंच झाल्याला आता तीन वर्षं होतील. जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा तुमच्या भावाने आनंदाने माझं नाव दिलं आणि पोस्टरवर स्वतःचा फोटो छापला. माझाही होता, खालच्या कोपऱ्यात, रेशनकार्डावरचा. त्यांची समजूत अशी होती, की सही मी करायची आणि बाकीचं ते पाहतील. सहा महिने तसं चाललंही. मग मला पुण्याला प्रशिक्षणाला बोलावणं आलं. हेही बरोबर आले होते, पण आत फक्त सरपंचांना सोडत होते, त्यामुळे ते बाहेर वडाखाली इतर सरपंचांच्या नवऱ्यांबरोबर बसले. तिथे पत्ते निघाले आणि तेव्हापासून पंचायतीचं काम मी स्वतः करते.

त्या प्रशिक्षणात एका सरांनी जे सांगितलं ते तुम्हाला सोपं करून सांगते. आपली बाजारआळी आज जेवढी घरपट्टी भरते, तेवढी पंचायतीच्या रोजच्या खर्चाला चालू ठेवायची, आणि तिथे एक रेघ मारायची. मग सरकारने आधी पदरचा खर्च करून आळीला गटार, फरशी आणि बाजारासाठी छपराचे ओटे बांधून द्यायचे. आळी सुधारली की घरं सुधारतात, घरं सुधारली की पट्टी वाढते, आणि रेघेच्या वर जी वाढ येईल ती वर्षानुवर्षं त्या खर्चाला लावायची. म्हणजे उद्याच्या वाढीव पट्टीवर आजचं गटार. सर म्हणाले, परदेशात पडीक वस्त्या अशाच उभ्या करतात, आणि आपल्याकडे हा प्रयोग एखाद्या होतकरू गावात करून पाहायचा आहे. मी विचारलं, पट्टी वाढलीच नाही तर? सर पाणी प्यायले. (पुण्याचं पाणी चांगलं आहे, मीही प्यायले.) घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण माझ्या डोक्यात ते बसलं होतं.

बसलं होतं ते लहानीमुळे. लहानी तुम्हाला आठवत असेल, डोळखांबकडच्या पाड्यावरून दर मंगळवारच्या बाजाराला पाटी घेऊन येते ती. तिची जागा आपल्या दारासमोर, जिथे गटार गटारपण सोडून रस्त्यावर येतं नेमकी तिथे, कारण कोरड्या जागा बाकीच्यांनी बापजाद्यांच्या करून घेतल्या आहेत. खाली ओल, म्हणून पाटी मांडीवर घ्यायची. एका हाताने पाटी धरायची, दुसऱ्याने भाजी द्यायची, आणि सुटे पैसे दातांत. माझी आई मुरबाडच्या बाजारात काकड्या घेऊन अशीच बसायची. संध्याकाळी तिचे पाय पांढरेफटक पडलेले असायचे आणि मी ते चोळत बसायची. त्या पायांचा मला अजून राग येतो, आणि सरपंच झाल्यापासून जास्त येतो, कारण आता राग काढायला सही आहे. तर मी लहानीला सांगून बसले, की पुढच्या पावसाळ्यात तू ओट्यावर, छपराखाली बसशील. ती म्हणाली, “बाय, वटा व्हईल तवा व्हईल, आता कंटोली तं घे.” कंटोळी घेतली. पण शब्द दिला तो दिलाच.

योजनेत बसायचं तर आळी बकाल असल्याचा ठराव ग्रामसभेत व्हावा लागतो. मी तो मांडला. कोंडूभाऊ (आपल्या समोरचे, त्यांचा आवाज तुम्हाला मुरबाडलाही आला असेल) उभे राहिले आणि म्हणाले, “कोनाची आळी बकाल गो? आमच्या बापानं हितं दोन आमदार जेवविलेत!” पाठोपाठ सगळी आळी उठली. प्रत्येकाने आपापल्या दारचं वैभव सांगितलं. तुमच्या भावानेही सांगितलं, आणि ते माझ्या बाजूने बोलायला उभे राहिले होते. ठराव पडणार एवढ्यात तळ्याच्या आळीतला कान्हा म्हणाला, की यांना नको असेल तर आम्हाला बकाल करा, आमच्याकडे मच्छर जास्त आहेत. मग कोंडूभाऊ म्हणाले, या गावात बकाल असायचा पयला मान बाजारआळीचा, आणि तो आम्ही कोणाला जाऊ देणार नाय. ठराव एकमताने पास झाला.

पाहणीला ठाण्याहून साहेब यायचे होते. आता आपल्या गावात साहेब येणार म्हटल्यावर काय होतं ते तुम्ही जाणता. मी घरोघर सांगून आले होते, की काही आवरू नका. पण त्या दिवशी पाहते तर धोंडीबाईने (कोंडूभाऊंच्या) पहाटेपासून आळीभर सडा घातलेला, दारोदार रांगोळ्या, तोरणं, आणि गटारावर घराघरांतल्या फळ्या टाकून वर आंब्याच्या डहाळ्या. मी तिला बाजूला घेऊन बोलले, तर उलट मलाच म्हणाली, “सायब येनार नि दारात उकिरडा ठेवू? लोक काय म्हनतील?” साहेबांना हार घातला, नारळ दिला, वड्या दिल्या. ते आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि शेरा लिहून गेले, की आळी आदर्श आहे, स्वच्छतेच्या बक्षिसासाठी शिफारस करावी. धोंडीबाई आठ दिवस तोऱ्यात चालत होती. मला जेवण गेलं नाही.

पुढच्या खेपेला मी शहाणी झाले. साहेब गुरुवारी येणार असं दवंडीने सांगितलं आणि त्यांना मंगळवारीच आणलं, बाजार उठल्याबरोबर. साहेब जीपमधून उतरले आणि एका पावलात गुडघ्यापर्यंत गटारात गेले. पाय निघाला, बूट राहिला. (बूट अजून निघालेला नाही.) लहानी तिथेच पाटी आवरत होती, तिने त्यांना हात दिला. त्यांनी उभ्याउभ्याच मंजुरीवर सही केली. धोंडीबाई माझ्याशी त्यानंतर महिनाभर बोलली नाही, कारण तिच्या दारात शेणाची पाटी तशीच होती आणि ती साहेबांनी पाहिली.

तर गटार झालं, फरशी झाली, तुम्ही गणपतीत आलात तेव्हा त्यावरून चाललात आणि म्हणालात की वहिनी, मुरबाडलाही असं नाही. मला ते बरं वाटलं होतं. पण ओट्यांचा हप्ता राहिला होता, आणि त्याला अट होती, की या वर्षीच्या घरपट्टीच्या आकारणीत वाढ दिसली पाहिजे. नाही दिसली, तर पुढचं काम बंद आणि प्रयोग दुसऱ्या तालुक्यात. मला वाटलं, वाढ दिसायला काय, डोळे उघडे ठेवले की दिसेल.

इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागते, जी तुम्हाला माझ्याहून चांगली माहीत आहे. कुडाच्या घराला पट्टी सगळ्यात कमी, विटांच्या घराला त्याहून जास्त आणि स्लॅबच्या घराला सगळ्यात जास्त. आणि आकारणीला येणारा माणूस अंगणात उभा राहून घर पाहतो, कारण बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात शिरायचं नाही अशी आपल्याकडची रीत आहे, आणि त्या दिवशी कोणी बोलावत नाही. सबब आपल्या आळीत घर कितीही सुधारलं तरी पुढची एक भिंत कुडाची ठेवतात. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप, कोपऱ्यात एक वासरू बांधलेलं. कोंडूभाऊंच्या कुडामागे संगमरवरी फरशी आहे, तिच्यावर त्यांचे व्याही दोनदा पडले. ग्रामसेवक भाऊसाहेब आणि मी आकारणीला फिरलो, तेव्हा धोंडीबाईने आम्हाला अंगणात कान तुटलेल्या कपात चहा दिला. तिच्याकडे सोनेरी काठाचा अख्खा सेट आहे, हळदीकुंकवाला मीच त्यातून प्यायले आहे. भाऊसाहेबांनी कुडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि “कुडाचं घर” असं लिहिलं. सबंध आळीत मिळून वाढ निघाली ती एका नव्या संडासाची. त्याच्याही मालकाने, हा पाहुण्यांसाठी आहे, आम्ही वापरत नाही, असं सांगून सूट मागितली.

आपलं घरही त्याच आळीत आहे, हे मी विसरले नाही. वाटणीत पुढच्या दोन खोल्या तुमच्याकडे आल्या आणि मागच्या आमच्याकडे. आमच्या विटांच्या आहेत आणि विटांच्याच दराने लागलेल्या आहेत, कारण लपवावं असं त्यांत काही नाही. तुमच्या खोल्यांसाठी मागच्या मे महिन्यात मुरबाडहून टेम्पो आला होता, वर पेंढा आणि खाली ग्रॅनाइट. सगळ्या आळीने पेंढा उतरताना पाहिला आणि कोणी काही विचारलं नाही, कारण ज्याचा त्याचा टेम्पो येऊन गेला होता. आता आत ग्रॅनाइटचा ओटा, पीओपीचं छत आणि गुलाबी टाइल्सचं न्हाणीघर आहे, आणि बाहेर आपली कुडाची भिंत. तुम्ही जाताना सांगून गेला आहात, की मी रिटायर होऊन येईपर्यंत भिंतीला हात लावू नका. त्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. किल्ली माझ्याकडे आहे आणि मी दर शनिवारी आत केर काढते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आकारणी अजून कच्ची होती, म्हणून मी आळीची बैठक बोलावली. सांगितलं, की बाबांनो, एकाने तरी भिंत काढा, बाकीचे काढतील, नाही तर ओटे गेले. सगळे माना डोलवत होते. मग कोंडूभाऊ म्हणाले, “पयली सरपंचबाईंची भिंत पडू दे, मंग आमची.” सगळे हसले. लहानी दाराशी उभी होती, तीही हसली, आणि मला राग आला. मी म्हणाले, पडेल. घरी आल्यावर हे म्हणाले, भिंत आदेशच्या वाटणीतली, तू कोण पाडणार, आणि तो आला की त्याच्यासमोर मी कसा उभा राहू? त्यानंतर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवण मात्र दोन्ही वेळा केलं.

तर असं सगळं आहे. बाकी नवीन काही नाही. प्रियांकाला वालाचं बिरडं आवडतं म्हणून वाल ठेवले आहेत, कोणी मुरबाडकडे येणारं भेटलं की पाठवते. पोरांना अभ्यासाला बसवा. तुमच्या खुशालीचं दोन ओळींचं पत्र आलं तरी आमचा दिवस चांगला जातो.

तुमची,
गिरजावहिनी

ता. क. पुढची कुडाची भिंत पाडायला तुमची परवानगी हवी आहे. तशीही तिला वाळवी लागली आहे. उत्तर ‘हो’ असेल तर उलट टपाली कळवावं. ‘नाही’ असेल तर घाई नाही, सवडीने कळवलंत तरी चालेल.

दुसरा ता. क. हे पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं, घरात तिकीट नव्हतं. मधल्या काळात ती भिंत पडली. म्हशीने अंग घासलं आणि पडली, असं मी गावात सांगितलं आहे. म्हशीला पहार धरता येत नाही, हा मुद्दा कोणी काढला नाही, आणि तुमच्या भावाने त्या वेळी पाठ फिरवून विडी ओढली, म्हणजे त्यांनी काही पाहिलेलं नाही. नेमका बाजाराचा दिवस होता. गर्दी आधी लांबून पाहत राहिली, मग चपला काढून आत आली. तुमच्या ग्रॅनाइटवर लोकांनी हात फिरवले, गुलाबी न्हाणीघर बघायला रांग लागली. लहानीने मला विचारलं, “हितं कोन ऱ्हातं?” मी म्हणाले, कोणी नाही. ती म्हणाली, “कोनीच नाय?” आणि परत एकदा आत जाऊन पाहून आली. धोंडीबाई मात्र तडक घरी गेली. त्या रात्री त्यांच्याकडे चूल पेटली नाही, आणि सकाळी पाहते तर कोंडूभाऊंची भिंत सपाट, आतली संगमरवरी फरशी रस्त्यावरून लखलखते आहे आणि कोंडूभाऊ दारात खुर्ची टाकून बसले आहेत. विचारलं तर म्हणाले, म्हशीनं पाडली. त्यांच्याकडे म्हैस नाही. पुढच्या आठवड्यात आळीतल्या म्हशी फारच माजल्या. ज्याच्या आत काही होतं त्याने ते दाखवलं, आणि ज्याच्या आत काही नव्हतं त्याने रंग तरी काढला, कारण पट्टी वाढली तर वाढली, पण आदेशच्या घरापुढे आपलं घर गरीब दिसलेलं कोणाला चालेना. भाऊसाहेबांना आकारणी पुन्हा करावी लागली. या वेळी त्यांना हाताला धरून आत नेत होते, आणि धोंडीबाईने चहा सोनेरी काठाच्या कपात दिला.

तिसरा ता. क. तिकीट मिळालं. आकारणी नव्याने लागली, तिच्यात बाजारआळीतली सगळ्यात मोठी पट्टी तुमच्या नावावर आहे. पहिला नंबर, भावजी, अभिनंदन. साहेबांचं म्हणणं एवढंच होतं, की एकाही घरमालकाची हरकत आली तर चौकशी होईपर्यंत हप्ता अडकेल. नोटीस कायद्याप्रमाणे पंचायतीच्या फळ्यावर लावली होती. फळा मुरबाडहून दिसत नाही, याला पंचायतीचा इलाज नाही. कोणाचीच हरकत आली नाही. आज सकाळी ओट्यांच्या जागेवर चुन्याची फक्की मारली. लहानी बाजाराला आली तेव्हा तिला तिची चौकट दाखवली. ओटा अजून व्हायचा आहे, छपराचा पत्ता नाही, तरी ती त्या चुन्याच्या रेघांच्या आत जाऊन बसली, पाटी मांडीवरून काढून शेजारी ठेवली, आणि रिकाम्या मांडीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. तेव्हा मला रडू आलं, आणि सरपंचाने बाजारात रडू नये म्हणून मी तुमच्या न्हाणीघरात जाऊन रडले. तुम्हाला राग येईल हे मला माहीत आहे, आणि तो यावा असंच मी वागले आहे. हरकत घ्यायला महिन्याची मुदत असते. ती काल संध्याकाळी संपली, म्हणून हे पत्र आज टाकते आहे.